भिंगुरटीच्या घरात काय घडते?

संतवाङ्मयाच्या वाचकाला भिंगुरटी नवी नाही. ध्यानाचे सामर्थ्य सांगायची वेळ आली, की कीर्तनकार हमखास तिला बोलावतात. भिंगुरटी एक किडा धरून आणते, मातीच्या घरात कोंडते आणि बाहेर घोंगावत राहते. आत कोंडलेला किडा भीतीने तिचेच ध्यान करतो. ध्यान करता करता तो तिच्याच रूपाचा होतो आणि एके दिवशी घर फोडून, भिंगुरटी होऊन उडून जातो. पंडितांनी याला 'कीटभृंगन्याय' असे नाव दिले आहे. जीवाने शिवाचे असेच ध्यान करावे, म्हणजे तो शिवरूप होतो, हा त्यातला बोध.

आपल्या नेवासे तालुक्यात तर हा दृष्टांत कानावर न पडलेला माणूस सापडणे कठीण. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, देवगडला दत्ताचे स्थान आहे आणि गोदावरीकाठचे पैठण काही फार लांब नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. या अवधूताला आपल्याकडे दत्तात्रेयच मानतात. त्याच स्कंधावर एकनाथमहाराजांनी पैठणला टीका लिहावयास घेतली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीत पूर्ण केली. त्या चोवीस गुरूंच्या यादीचा शेवट मोठा गमतीचा आहे. तेविसावा गुरू आहे कोळी : स्वतःतून धागा काढणारा आणि पुन्हा स्वतःतच ओढून घेणारा. ईश्वर विश्व कसे उभे करतो आणि कसे आवरतो, ते त्याच्यापासून शिकावयाचे. चोविसावा गुरू म्हणजे ही भिंगुरटी. यादीत दोघे शेजारी शेजारी बसले आहेत. प्रत्यक्ष सृष्टीत मात्र चोविसावा गुरू तेविसाव्याला नांगी मारून उचलून नेतो आणि आपल्या लेकराला जिवंतपणीच खाऊ घालतो, ही हकीगत कीर्तनात येत नाही. ती येथे सांगावयाची आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. संतांचे निरीक्षण खोटे होते असे म्हणण्याचा हेतू नाही. उलट, भिंतीच्या बाहेरून जेवढे दिसते तेवढे त्यांनी अचूक टिपले आहे. माशी किडा आणते, हे खरे. तो मातीत कोंडते, हेही खरे. काही दिवसांनी त्याच घरातून किडा न निघता माशी निघते, हेदेखील खरे. प्रश्न आहे तो मधल्या दिवसांचा. भिंतीआड काय घडले, ते कोणी पाहिलेले नव्हते. आणि जे दिसत नाही ते माणूस आपल्या मनातल्या गोष्टीने भरून काढतो.

असे केवळ आपल्याकडेच झाले असेही नाही. चीनमध्ये हीच माशी आणि हीच अळी घेऊन दुसरी कथा रचली गेली. त्यांच्या प्राचीन गीतसंग्रहात ही माशी दुसऱ्याची अळी उचलून नेते असा उल्लेख आहे. पुढच्या टीकाकारांनी त्याचा अर्थ लावला तो असा : या माशीला स्वतःची मुले होत नाहीत, ती अळीला दत्तक घेते आणि 'माझ्यासारखी हो, माझ्यासारखी हो' असे तिच्या कानाशी गुणगुणत राहते. तेथे दत्तक मुलाला त्या अळीचेच नाव पडले. आपल्या लोकांनी मोक्ष पाहिला, चिनी लोकांनी वंश पाहिला. ज्याला ज्याची चिंता, त्याला ते भिंतीआड दिसले. पण इ. स. ४५६ ते ५३६ या काळात होऊन गेलेल्या ताओ होंगजिंग नावाच्या वैद्याने, पोथीवर विसंबून न राहता, घरटी उघडून पाहिली. माशी आत स्वतःची अंडी घालते आणि कोंडलेले किडे हे त्या पिल्लांचे अन्न आहे, असे त्याने लिहून ठेवले. त्याच्याही आधी आठ-नऊशे वर्षे ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने प्राण्यांवरील ग्रंथात, एक जातीची गांधीलमाशी कोळी मारून भिंतीच्या भोकात नेते, भोक चिखलाने लिंपते आणि त्यातून पुन्हा तीच माशी निघते, असे नमूद केले होते. त्याने तर किड्याचे नावच सांगितले : कोळी.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा नसते. पण ताओ होंगजिंगने केले तेवढे करायला प्रयोगशाळा लागत नाही. ओसरीची भिंत पुरते. आपल्या घरात मातीची घरटी बांधणारी जी माशी येते, तिला खेड्यात कुंभारीण म्हणतात. काळे अंग, त्यावर पिवळे पट्टे, पिवळे पाय आणि छाती व पोट यांना जोडणारी काडीसारखी बारीक कंबर. हिच्या एका सर्वत्र आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव मद्रास शहरावरून पडलेले आहे. १७८१ साली फॅब्रिशियस या शास्त्रज्ञाने ते दिले. उसाला पाणी सुटले की चारीच्या कडेला, हौदाच्या गळतीपाशी, जनावरांच्या डोणीखाली ती ओल्या चिखलावर पाय रोवून उभी राहते, जबड्याने मातीची गोळी करते आणि उडून जाते. धाब्याच्या जुन्या घरात तिला तुळई, दिवळी, देवाच्या फोटोची मागची बाजू अशा जागा आवडत. सिमेंटची घरे आली म्हणून तिचे काही अडलेले नाही. ती विजेच्या मीटरमागे आणि मोटारीच्या स्टार्टरपेटीत बांधते. माती लिंपताना ती एक बारीक सूर काढते. अंगाच्या कंपनाने चिखल नीट बसावा यासाठी तो असतो. चिन्यांना ऐकू आलेले 'माझ्यासारखी हो' ते हेच असावे, असा माझा तर्क आहे.

तिचा एखादा ताजा, नुकताच तोंड लिंपलेला कप्पा हलक्या हाताने उघडला, तर आत बाहेरून आणलेला एकच किडा नसतो. लहान लहान कोळी एकमेकांवर दाबून भरलेले असतात, साधारणपणे दहाच्या आसपास, कधी कमी तर कधी जास्त. ते मेलेले वाटतात. पण वाळत नाहीत, कुजत नाहीत, आणि भिंगाने पाहिले तर एखाद्याचा पाय किंचित हलताना दिसतो. त्यांतल्या एकाच्या पोटावर तांदळाच्या कणीहून लहान, पांढुरके, किंचित वाकडे असे अंडे चिकटवलेले असते. संपूर्ण कीटभृंगन्यायाचे उत्तर त्या एका अंड्यात आहे.

आपल्या शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. कुंभारणीचे उलट, तिच्या घराला दार नव्हे, फक्त भिंतच. शिधा भरला, अंडे ठेवले, की ती तोंड बुजवून निघून जाते आणि त्या कप्प्याकडे पुन्हा वळून पाहत नाही. आई आणि लेकरू यांची भेट कधी होत नाही. भोक दिसले की त्यात घर करायचे, ही या माश्यांची खोड एकदा माणसांना फार महाग पडली असावी. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेले एक विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे मृत्यू पावली. विमानाचा वेग मोजणारी नळी बुजल्याने चुकीचा वेग दिसला, आणि ती नळी कुंभारणीच्या जातीच्या माशीने बुजवली असावी, असा तपास करणाऱ्यांचा कयास होता.

असो. कुंभारीण झाली तरी ती लहान कोळ्यांची शिकारीण. वाचकांनी जिचा खरा अचंबा करावा ती दुसरीच आहे. ती घरटे सजवीत बसत नाही, कप्प्यात दहा कोळी भरत नाही. ती एकच कोळी आणते, पण तो तिच्याहून मोठा, आणि कित्येकदा वजनाने तिच्या दुप्पट-तिप्पट. शास्त्रज्ञ या माश्यांच्या कुळाला पोम्पिलिडी म्हणतात. जगात या कुळाच्या सुमारे पाच हजार जाती आहेत आणि त्या झाडून साऱ्या पिल्लांसाठी कोळ्यांवरच जगतात. चार्ल्स बिंगहॅम यांनी १८९७ मध्ये हिंदुस्थानातील गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवर जो जाडजूड ग्रंथ सिद्ध केला, त्यात या कुळाच्या भारतीय जातींची वर्णने आहेत.

ओळखायला ती सोपी आहे. काळीभोर किंवा निळसर काळी, लांब पायांची, जमिनीवर सतत तुरुतुरु पळणारी. पंख क्षणाक्षणाला झटकते आणि मिशा अखंड थरथरत ठेवते. एका जातीच्या पोटाचे टोक तांबूस असते. ही माणसांच्या वस्तीत येते आणि भिंतीवर रात्री दिसणारा तो मोठा, चपटा, खेकड्यासारखे पाय पसरून बसणारा जो कोळी, ज्याला पाहून घरातली मुले किंचाळतात, त्याच्या शोधात असते. दुसऱ्या काही बांधावर, पाचटाखाली, भेगाळलेल्या काळ्या रानात जाळे न विणता पळून शिकार करणाऱ्या कोळ्यांना शोधतात. बिळात राहणाऱ्या केसाळ राक्षसी कोळ्यांची शिकार करणाऱ्या, बोटभर लांबीच्या जातीही जगात आहेत.

तिची शिकार पाहायला मिळणे नशिबाचा भाग असला, तरी तिची ओढाताण पाहायला मिळणे अवघड नाही. पावसाळा सरत आला की बांधावर दहा मिनिटे स्वस्थ बसणाऱ्याला ती केव्हा ना केव्हा दिसते : तोंडात कोळ्याचा पाय धरून, उलट्या पावलांनी, ढेकळांवरून आणि गवताच्या बुंध्यांमधून भलामोठा देह खेचीत निघालेली. पाठीमागे काय आहे ते तिला दिसत नाही. मध्येच कोळी टाकून देते, पुढे पळत जाऊन वाट पाहून येते, पुन्हा धरते. काही जाती तर कोळ्याचे पाय बुडापासून कातरून टाकतात आणि ओझे हलके करून घेतात. बीळ खणायचे असेल तेव्हा ती कोळ्याला झुडपाच्या बेचक्यात अडकवून ठेवते, कारण खाली मुंग्या टपलेल्या असतात.

पण हे झाले युद्धानंतरचे. मुळात ज्याच्याकडे विष आहे, आठ पाय आहेत आणि माशा पकडणे हाच ज्याचा धंदा आहे, तो कोळी एका माशीला शरण कसा जातो? याचा छडा लावणाऱ्यांत पहिले नाव घ्यावे लागते ते फ्रान्सच्या झाँ आंरी फाब्रचे. १८२३ साली एका गरीब शेतकरी घरात जन्मलेला हा शाळामास्तर. त्याने दक्षिण फ्रान्समधल्या आपल्या ओसाड, काट्याकुट्यांच्या माळावर उन्हात पालथे पडून कीटक पाहिले आणि १८७९ ते १९०७ या काळात दहा भागांत ते लिहून काढले. त्याच्या बागेच्या भिंतीत एक मोठा काळा कोळी नळीसारखे जाळे करून राहत असे. माशी त्या नळीत कधीच शिरत नसे. आत शिरणे म्हणजे मरण. ती दारातून डोकावे, आणि कोळ्याने पुढचे पाय बाहेर काढले की एक पाय पकडून त्याला हिसका देई. कोळीही कच्चा नव्हता. त्याने मागे एक धागा भिंतीला बांधून ठेवलेला असे, त्याच्या आधाराने तो पुन्हा आत जाई. असे पुष्कळदा होई. शेवटी एक हिसका असा बसे की कोळी भिंतीवरून खाली पडे, आणि खाली पडलेला कोळी म्हणजे गडाबाहेर काढलेला किल्लेदार. तो पाय आखडून, भेदरून बसे. मग माशीला घाई नसे.

दुसऱ्या एका, बिळात राहणाऱ्या जबरदस्त कोळ्याच्या बाबतीत फाब्रला आढळले, की माशी पहिली नांगी मारते ती कोळ्याच्या तोंडाशी, विषदंतांच्या मुळाशी. त्याने विषदंत लुळे पडतात. शत्रूचे हत्यार असे आधी काढून घेतले, की दुसरी नांगी छातीखाली, पायांच्या मज्जाकेंद्रावर. आठही पाय एकदम गळतात. हृदय चालू राहते. एखाद्या शल्यवैद्याला हेवा वाटावा असे हे काम, तेही कोणी न शिकवता. कारण तिने आई पाहिलेलीच नसते.

फाब्रने यातून निष्कर्ष काढला की ही उपजत बुद्धी पूर्ण, अचूक आणि न बदलणारी असते, आणि म्हणून उत्क्रांतीने हळूहळू घडलेली असणे शक्य नाही. डार्विनने फाब्रच्या निरीक्षणशक्तीची मुक्तकंठाने स्तुती केली होती. फाब्रने मात्र डार्विनचे म्हणणे अखेरपर्यंत मानले नाही. येथे फाब्रचे निरीक्षण आणि फाब्रचा निष्कर्ष यांत भेद करावा लागतो, जसा संतांच्या दृष्टांतात करावा लागला. अमेरिकेत जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्याने एकांड्या माश्यांवर १८९८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी शेकडो तास बसून पाहिले तेव्हा त्यांना दिसले, की दोन माश्या एकसारख्या वागत नाहीत. एक नीटनेटकी, तर दुसरी गबाळी. एक कोळी ठेवण्याची जागा चार वेळा बदलते, दुसरी पहिल्याच जागी टाकून मोकळी होते. कोणाची नांगी नेमकी बसते, कोणाची बसत नाही. एखादा कोळी मरून जातो, एखादा पुरता लुळा होत नाही. म्हणजे अचूकपणा होता, पण तो सरासरीचा होता. आणि जेथे फरक आहेत, तेथे निवडीला वाव आहे. उत्क्रांतीला आणखी काय हवे असते?

राक्षसी कोळ्यावरची लढाई सर्वांत नावाजली ती येल विद्यापीठातील रशियन वंशाचे कोळीतज्ज्ञ अलेक्झांडर पेत्रुंकेविच यांनी १९५२ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे. त्यात कोडे आहे ते कोळ्याच्या वागण्याचे. या केसाळ कोळ्याला कशाचाही हलका स्पर्श झाला की तो उसळून उठतो. असे असताना माशी त्याच्या अंगाखाली जाते, मिशांनी त्याला चाचपते, तो हव्या त्याच जातीचा आहे ना याची खात्री करून घेते, आणि कोळी उभाच राहतो. ती त्याच्याजवळच खड्डा खणू लागते. तरीही तो पळत नाही. खड्डा झाल्यावर ती परत येते, पायाच्या सांध्याजवळची मऊ त्वचा शोधते आणि तेथे नांगी खुपसते. ज्याच्यासाठी खड्डा खणला जात आहे त्याने उभे राहून तो पाहावा, असा हा प्रकार. अर्थात प्रत्येक कोळी इतका निमूट असतो असे नाही. कोळी जिंकल्याची, माशीच फस्त झाल्याचीही उदाहरणे आहेत. अमेरिकेतल्या या माशीची नांगी माणसाला बसली तर ती जगातल्या सर्वांत वेदनादायक दंशांपैकी एक असते. जस्टिन श्मिट या कीटकशास्त्रज्ञाने कीटकदंशांची जी चार पायऱ्यांची श्रेणी लावली, तीत तिला सर्वांत वरची पायरी मिळाली. पण वेदना काही मिनिटांतच ओसरते, असेही तो सांगतो. न्यू मेक्सिको राज्याने तर १९८९ मध्ये तिला आपला राज्यकीटक केले.

आपल्याकडच्या वाचकाने घाबरू नये. या माश्या पोळे करून राहणाऱ्या गांधीलमाश्यांसारख्या झुंडीने अंगावर येत नाहीत. प्रत्येक मादी एकटी, राखायला पोळे नाही, म्हणून माणसाशी भांडण नाही; मुठीत धरली तरच ती डसेल. नराला तर नांगीच नसते. आणि नवल असे, की एवढी क्रूर शिकारीण स्वतः कोळी खात नाही. मोठी झालेली माशी फुलांतल्या मधावर जगते. मांस आहे ते सारे लेकरासाठी.

त्या लेकराचे जेवण हा या हकीगतीचा सर्वांत अवघड भाग. कोळी मेलेला असता तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन दिवसांत नासला असता. सुकला असता तर अळीला चावला नसता. म्हणून तो जिवंत हवा, पण हलता कामा नये. आणि ही अडचण विषाने सोडवली आहे. जपानी शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात या कुळातल्या दोन जातींच्या माश्यांच्या विषातून एकेक पदार्थ वेगळा काढला. मज्जातंतूतून संदेश वाहताना सोडियमसाठी जी दारे उघडतात आणि लगेच मिटतात, ती या पदार्थांमुळे वेळेवर मिटत नाहीत, असे आढळले. असा कोळी आठवडेच्या आठवडे ताजा राहतो. अंड्यातून निघालेली अळी प्रथम त्याच्या पोटाला छिद्र पाडून रस शोषते, मग मांस खाते. हृदय आणि मज्जाकेंद्र ती शेवटपर्यंत राखून ठेवते. ते आधी खाल्ले तर उरलेले अन्न नासले असते. शिधा संपतो त्याच सुमारास कोळी मरतो. अळी रेशमासारखा कोष विणते आणि काही आठवड्यांनी, किंवा ऋतू प्रतिकूल असला तर काही महिन्यांनी, त्यातून माशी निघते.

१८६० च्या मे महिन्यात डार्विनने अमेरिकन मित्र एसा ग्रे यांना लिहिलेल्या एका पत्रात कबूल केले आहे, की जिवंत अळ्यांना आतून खाणाऱ्या माश्या दयाळू परमेश्वराने हेतुपुरस्सर निर्माण केल्या, हे आपल्या मनाला पटत नाही. त्याचा रोख अळ्यांवर जगणाऱ्या माश्यांकडे होता, पण कोळ्यांच्या या शिकारणीलाही तो तितकाच लागू आहे. माझ्या मते डार्विनचा हा प्रश्न आणि आपला कीटभृंगन्याय ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंनी केलेली विचारणा आहे. एकाने भिंतीआड मुक्ती पाहिली. दुसऱ्याने भिंत फोडली आणि तो अस्वस्थ झाला. कोळ्याला त्या अवस्थेत काय जाणवते, काही जाणवते का, हे मला तर दोन्ही बाजूंनी मोठे वाटते.

मादीच्या व्यवहारातली आणखी एक करामत सांगण्याजोगी आहे. मुलगा की मुलगी हे ती स्वतः ठरवू शकते. मधमाश्यांप्रमाणेच हिच्याही अंड्यातून नर निघायला पित्याची गरज लागत नाही. फलित अंड्यातून मादी निघते. मादीला पुढे मोठे कोळी ओढायचे असतात, म्हणून ती अंगाने थोराड हवी. त्यामुळे कोळी मोठा मिळाला तर त्यावर मादीचे अंडे, आणि लहान मिळाला तर नराचे, असा कल अनेक जातींत दिसतो. आपल्या समाजात वाढून ठेवताना मुलाच्या ताटात जास्त पडते. या घरात मोठे ताट मुलीचे.

चोरांचे भयही आहेच. या कुळातच अशा काही जाती आहेत की ज्या स्वतः शिकार करीत नाहीत. दुसरीने कोळी ओढीत आणला की वाटेतच त्याच्या श्वसनाच्या फटीत गुपचूप आपले अंडे सारून देतात. पुढे चोराची अळी आधी निघते, धनिणीचे अंडे खाते आणि मग कोळी. कुंभारणीच्या घराशी हिरव्यानिळ्या, मोरपिसासारख्या चकाकणाऱ्या एका माशीची ये-जा असते. एवढी देखणी की मुले तिला काड्यापेटीत ठेवतात. तिचा धंदाही हाच.

आता आपल्या भागापुरता एक प्रश्न. मुळा धरणाचे पाणी आले, ऊस आला, सोनईला कारखाना उभा राहिला आणि औषधफवारणीही आली. शेतीच्या पुस्तकांतून 'मित्रकीटक' आणि 'शत्रुकीटक' अशा दोन याद्या दिलेल्या असतात. कोळी मित्रांच्या यादीत. तो कीटक नव्हे, पण तुडतुडे, पतंग, माशा खातो म्हणून मित्र. मग मित्राला मारणारी ही माशी कोण? शत्रू म्हणावे तर ती पिकाचे एक पान कुरतडीत नाही, आणि फुलाफुलांवर जाऊन थोडेबहुत परागवहनही करते. कोळ्यांची संख्या तिच्यामुळे घटून पीक बुडाले असे कोठे दिसत नाही. खरे म्हणजे यादी आपण केलेली आहे आणि ती आपल्या सोयीची आहे. बांधाला ती ठाऊक नाही. फवारणीला मात्र दोघेही सारखेच ठाऊक आहेत. कोळी फवाऱ्याने मरतो. माशी फवाऱ्याने मरते, आणि वाचली तर कोळ्यावाचून निर्वंश होते. त्यातही एका वर्षात अनेक पिढ्या करणारे तुडतुडे पुन्हा लवकर वाढतात, आणि वर्षाकाठी मोजक्याच पिढ्या करणारे कोळी व माश्या मागे पडतात. जेथे बांध जाळत नाहीत आणि कडेला थोडे तरी गवत राहू देतात, तेथे या दोघांची गाठ अजून पडते.

ज्यांना हे स्वतः पाहण्याची हौस असेल त्यांनी नव्या घरट्याला हात लावू नये. हातात लागेल ते जिवंत कुटुंब असेल. जुने घरटे शोधावे. त्याच्या प्रत्येक कप्प्याला बाहेर पडलेल्या माशीने पाडलेले गोल भोक असते. ते अलगद काढून कागदावर फोडले, की आत तपकिरी, कागदासारखा पातळ, एका टोकाला फुटलेला कोष मिळतो. त्याच्या तळाशी काळसर चुरा असतो. तो चुरा पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली धरावा : कोळ्यांचे पाय, सांध्यासांध्यांनी सुटलेले, केसांसकट, आणि मधूनच, नखासारखे वाकडे व अजूनही चकचकीत, विषदंत. तेवढे मात्र अळीने खाल्लेले नसतात.